उतारा

लवू तांडेल बोलला तेव्हा सुगंधाच्या हातात कंदिलाची काच होती. बंदरपेठेतल्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून, काच उन्हाकडे धरून, कुठं केसभर तडा आहे का ते ती पाहत होती. तो शेजारी येऊन उभा राहिलाय हे तिला कळलंही नव्हतं. "बाईनू," तो म्हणाला, देवळात बोलावं तितक्या हळू, "त्या दिवशी मधीच एकदा तुमी थांबलास." एवढंच म्हणाला. काच तिच्या हातातून पडली नाही. तिनं ती गवतात गुंडाळून पिशवीत ठेवली, पिशवीचे बंद एकत्र केले आणि मगच वळली. इस्पितळात जी मराठी ती बोलायची त्याच मराठीत तिनं विचारलं, जेवण जातं का, टाक्यांना ओढ बसते का, रात्री खोकला येतो का. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली आणि तिच्याकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. वाट विचारून झाल्यावर माणूस उत्तरासाठी थांबतो तसा तो थांबला होता. दुकानदारानं आतूनच सांगितलं की तांडेलानू, ह्या बाई नसत्या तर आज तुमच्या जानकीच्या कपाळावर कुंकू नसतं. लवू हसला, होय तर म्हणाला, आणि बंदराकडे चालू लागला. पाठमोरा तो चांगला चालत होता. फक्त त्याचा उजवा हात सदऱ्याच्या आत, छातीवर ठेवलेला होता.

इस्पितळाकडे परतताना तिनं नेहमीची वाट धरली. माघ उतरणीला लागला होता, कलमांना मोहोर धरला होता आणि त्याच्या वासात वाळत टाकलेल्या बांगड्यांचा वास मिसळून सगळी वाट जड झाली होती. वाटेत दोघी-तिघींनी तिला बाई म्हणून हाक मारली, एकीनं आपल्या पोराचं कपाळ पुढं केलं, तिनं हात लावून ताप नसल्याचं सांगितलं. हात लावताना तिला वाटलं की हा हात जरा उशिरा पोचला. म्हणजे तिनं उचलला आणि मग तो उचलला गेला, मध्ये काहीतरी राहिलं. अडीच महिने ती हे विसरली होती असं नाही. पण ते एखाद्या बंद खोलीत ठेवलेलं सामान असावं तसं होतं. दार कुणी उघडणार नव्हतं, कारण आत काय आहे हे जाणणारी ती एकटीच होती. आता कळलं की आत आणखी कुणीतरी बसलेलं होतं, सगळा वेळ, आणि त्यानं आतून कडी वाजवली होती.

सुगंधा त्या धर्मादाय इस्पितळात आठ वर्षं होती. माहेर धामापूरचं, सतराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी मुंबईत नवरा छातीच्या आजारानं गेला आणि तिथल्याच एका मोठ्या इस्पितळात ती परिचारिकेचं काम शिकली. मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडावरच्या ह्या लहानशा बंदरात परत आली तेव्हा इथं शस्त्रक्रिया म्हणजे क्लोरोफॉर्मची बाटली, नाकावर फडकं आणि देवाचं नाव. मोठे डॉक्टर नाबर साठीचे, हाताचे सुरेख, पण पोट उघडायचं म्हटलं की रोग्याचं पोट दगडासारखं आवळायचं आणि नाबरांच्या कपाळावर घाम यायचा. मग मुंबईहून तरुण डॉक्टर कामत आले, ते भूल देण्याचंच शिकून आले होते. त्यांनी ते नवं औषध आणलं. शिरेतून ते गेलं की माणसाचे सगळे स्नायू सैल पडत: पापण्या, जबडा, हात, पोट, आणि शेवटी श्वास ओढणारे स्नायूसुद्धा. माणूस ओल्या धोतरासारखा पडून राहायचा, आणि काळ्या रबराची पिशवी दाबून त्याच्यासाठी दुसऱ्यानं श्वास घ्यायचा. काम संपलं की उताऱ्याचं इंजेक्शन. ते दिलं की शक्ती परत यायची, आणि कशी यायची तेही कामतांनी तिला शिकवलं होतं. आधी पापणी. मग बोटं. मग मूठ. सगळ्यात शेवटी मान. "मान उशीवरून उचलून पाच मोजेपर्यंत धरली," कामत म्हणायचे, "तर माणूस आपल्यात परत आला समजायचं. पाच. चार नाही." तिला ते फार आवडलं होतं. आपल्यात परत आला, हे शब्द.

लवूला आणलं ते मार्गशीर्षातल्या एका सकाळी, होडीतून, घोंगडीच्या झोळीत घालून. कौलं भरून मंगळुराहून येणाऱ्या गलबताचा तो तांडेल, पंचेचाळीसचा, पायाच्या बोटांनी दोर धरू शकेल असा माणूस. पण चार दिवस आतड्याला पीळ पडून ओकून ओकून त्याचे गाल बसले होते आणि जीभ लाकडासारखी झाली होती. नाबरांनी दुपारच्या आत पीळ सोडवला. कामतांनी उतारा दिला. लवूनं डोळे उघडले, तिच्या हाताची बोटं दाबली. मान उचल म्हटल्यावर त्यानं उचलली. कामत मोठ्यानं मोजत होते, एक, दोन, तीन, आणि तीनला मान खाली टेकली. कामतांनी घड्याळाकडे पाहिलं. सावंतवाडीला दुसरी शस्त्रक्रिया होती आणि दीडची एस. टी. चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती. "छान आहे," ते म्हणाले, "थकलाय बिचारा." तीन झालं होतं हे तिला दिसलं होतं. तिनं तोंड उघडलंही होतं. पण डॉक्टरांना डॉक्टरांचंच वाक्य परत म्हणून दाखवायचं म्हणजे काहीतरी उद्धटपणा वाटला, आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या अडलेल्या बाळंतिणीनं किंकाळी फोडली, नाबर तिकडे धावले, कामत पेटी उचलून फाटकाबाहेर गेले, आणि ती लवूजवळ एकटी उरली.

तासाभरानं त्याच्या पापण्या उतरू लागल्या. झोप येत असेल असं तिला वाटलं. पण झोपेत पापणी मिटते, इथं ती ओघळत होती. जबडा सैल पडला. छाती उठेना, नुसतं पोट हलत होतं, गळ्याच्या खाचेत कातडी आत ओढली जात होती आणि ओठांवर जांभळासारखा रंग चढत होता. औषध गेलं नव्हतं. उतारा आधी संपला होता. तिनं जबडा पुढं ओढून धरला, मुखवटा बसवला, प्राणवायूचा नळ सोडला आणि पिशवी दाबली. छाती वर आली. सोडली, खाली गेली. तुळसा नावाच्या दाईला तिनं हाक मारून नाबरांकडे पिटाळलं. नाबर रक्ताळलेल्या हातांनी आले, पाहिलं, उताऱ्याचं आणखी एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले की ह्यापेक्षा जास्त देता येत नाही, जास्त झालं तर उताराच उलटतो. "चार दिवस ओकलाय, मूत्रपिंडं सुकली असतील, औषध बाहेर पडायला वेळ घेणार. ते उतरेल तोवर ह्याचा श्वास तुम्ही." मग पुन्हा किंकाळी आली आणि ते गेले. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

हे सगळं लोकांना ठाऊक होतं. नाबरांनीच ते गावभर सांगितलं होतं: साडेचारपर्यंत, दोन तासांहून जास्त, ह्या बाईनं एकटीनं पिशवी दाबली, हात बदलले पण ताल सोडला नाही. साडेचारला लवूचं बोट हललं, मग पापणी; पाच वाजता त्यानं मान उचलली आणि दहा मोजेपर्यंत धरली. जानकीनं सगळ्यांसमोर तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. त्यानंतर बंदरावर म्हणच पडली, सुगंधाबाईचो हात. कुणाचं इंजेक्शन असलं तरी म्हणायचे, सुगंधाबाईचो हात लागांदे. लोकांना जे ठाऊक नव्हतं ते फार थोडं होतं. साडेतीनच्या सुमाराला, बाळंतिणीच्या खोलीत सगळं एकदम शांत झालेलं असताना, तिला लवूच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी वाहताना दिसलं. मिटलेल्या पापणीखालून एक थेंब आला, कानाकडे गेला, त्याच्यामागून दुसरा. तिची करंगळी त्याच्या जबड्याच्या कोपऱ्याखाली होती, आणि तिथं त्याची नाडी लागत होती. तिनं पिशवी सोडली, ती भरली, आणि पुढच्या वेळी तिनं ती दाबली नाही. हात पिशवीवरच होता. घड्याळाचा सेकंदकाटा चारावर होता. छाती खाली जाऊन तिथंच राहिली. करंगळीखालची नाडी आधी तशीच चालली, मग तिनं वेग घेतला, मग ती धावू लागली, अंधारात कुणी अनोळखी वाटेवरून धावतं तशी ठेचकाळत. चेहऱ्यावर काही नव्हतं. हात, पाय, भुवई, काही हललं नाही. सगळा माणूस त्या करंगळीएवढ्या जागेत येऊन धावत होता आणि ती ते ऐकत होती. काटा नवावर आला. तिनं पिशवी दाबली.

हात आखडला असेल, असं ती स्वतःला सांगे. आखडला नव्हता. तो शुद्धीत आहे का हे पाहायचं होतं, असंही सांगून पाहिलं. पण ते तर पाण्याच्या पहिल्या थेंबातच कळलं होतं. लवूशी तिचं वैर नव्हतं, त्या दिवसापूर्वी तिनं त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. वैर असतं तर त्याला काही नाव देता आलं असतं. काच आणल्याच्या त्या संध्याकाळी ती खोलीत कंदील लावून बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपला श्वास आपल्याला ऐकू येतो आहे. एकदा ऐकू आला की तो आपोआप होईना. ओढायचा आहे असं ठरवून ओढावा लागे, सोडायचा आहे असं ठरवून सोडावा लागे, आणि मध्ये, जिथं दोन्ही नसतं तिथं, ती अडकून राही. दिवा स्थिर जळत होता. बाहेर समुद्राचा आवाज होता, आणि तोही ओढत होता, सोडत होता, आणि मध्ये थांबत होता.

दुसऱ्या दिवसापासून लवू इस्पितळासमोर येऊन बसू लागला. फाटकापलीकडे एक जुना नांगर पडलेला होता, गंजून लाल झालेला. त्याच्यावर तो बसे, सकाळी होडी लागल्यापासून दुपारपर्यंत. कुणी विचारलं तर म्हणे, टाके दाखवूक इलंय. तिसऱ्या दिवशी नाबरांनी त्याला आत बोलावलं, पोट दाबून पाहिलं आणि बराच वेळ काहीतरी समजावलं. नंतर हसत तिला सांगितलं की तांडेल म्हणतो, मला सगळं ऐकू येत होतं, मधेच माझा श्वास बंद केला होता. "मी म्हटलं, अरे, औषधातली स्वप्नं ती. भुलीत माणसाला काय काय दिसतं." ती हातमोजे धूत होती. पाण्यातून हात न काढता तिनं सांगितलं की डॉक्टर, ते खरं आहे. मी थांबले होते. नाबरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बापाच्या मायेनं म्हणाले की दोन तास पिशवी दाबायची म्हणजे काही गंमत नाही, कुणाचाही हात थांबेल. अर्धं-एक मिनिट म्हणजे काहीच नव्हे, छातीत प्राणवायू भरलेला असतो, नखालासुद्धा धक्का लागत नाही. "हात नव्हता थांबला," ती म्हणाली. "मी थांबले होते." नाबर तिच्याकडे पाहत राहिले, आणि तिला दिसलं की ह्या माणसाला ते वाक्य ऐकू गेलं आहे पण तो ते घेणार नाही, घेतलं तर ते कुठं ठेवायचं हे त्याला माहीत नाही. ते म्हणाले, चार दिवस रजा घ्या. तिनं घेतली नाही. एक दिवस तिला हलकं वाटलं, सांगून टाकल्यासारखं. मग ते हलकेपण गेलं आणि उरलं ते पहिल्यापेक्षा जड होतं, कारण आता ते कुणाला देता येणार नाही हेही कळलं होतं.

नांगरावर बसलेल्या लवूकडे ती एकदा गेली. तो उठून उभा राहिला. त्यानं तोच प्रश्न विचारला, ह्या वेळी सरळ: थांबलास काय नाय? तिनं इस्पितळातल्या मराठीत, खणखणीत आवाजात सांगितलं की डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं आहे, ती स्वप्नं होती, तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. बोलताना तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. लवूनं मान डोलावली. त्याचा चेहरा पडला नाही, मिटला. मगे माझांच डोक्यां फिरलां म्हणूचां, असं तो पुटपुटला आणि होडीकडे गेला. त्यानंतर तो नांगरावर यायचा थांबला. तिला सुटका वाटायला हवी होती. पण जा-ये करताना तिची नजर त्या रिकाम्या नांगराकडे जाई, आणि तो रिकामा नाही, त्याच्यावर कुणीतरी श्वास धरून बसलं आहे, असं वाटे.

चैत्र लागल्यावर जानकी आली. ठेंगणी, सावळी, केवड्याचं पान डोक्यात खोवलेली बाई. पण डोळ्यांखाली काळं पडलं होतं. तिनं पदरातून चार नारळ काढून टेबलावर ठेवले आणि उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. नवरा आडवा होऊन झोपत नाही. भिंतीला टेकून बसतो, छातीवर हात ठेवून, ती हलते का बघत. डोळा लागला की दचकून उठतो आणि ओरडतो. गलबत त्याच्यावाचून मंगळुराला गेलं, दुसरा तांडेल घेऊन. मालक एक फेरी थांबला, आणखी थांबणार नाही. भूतबाधा काढणारा घाडी झाला, देवीला गाऱ्हाणं झालं, तीन वाटांच्या तिठ्यावर भात-नारळाचा उतारा टाकून झाला. घाडी म्हणाला, इस्पितळातलं काहीतरी ह्याच्या वांगडा, ह्याच्या सोबत, आलंय. "डॉक्टरांचां तो ऐकणां नाय," जानकी म्हणाली. "तुमी एकदा येवा. तुमीच त्येका सांगा, काय एक झालां नव्हतां म्हणान. तुमचां तो ऐकतलो." सुगंधानं तिला सांगितलं की मी एकदा हे सांगितलं आहे. जानकीला ते ठाऊक नव्हतं. ती म्हणाली की मग आणखी एकदा सांगा, घरात येऊन सांगा, घरात सांगितलेलं माणूस मानतो.

गुरुवारी दुपारी ती खाडी ओलांडून गेली. होडीत ती एकटीच होती. होडीवाल्या धोंडूनं तिला मधल्या फळीवर बसवलं आणि वल्हं मारत राहिला. ओहोटी लागलेली. चिखल उघडा पडला होता आणि त्यावर खेकड्यांची हजारो बिळं दिसत होती, प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एक बुडबुडा येत होता, फुटत होता. ऊन इतकं होतं की माडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झाल्या होत्या. आपण काय सांगायला चाललो आहोत हे तिनं ठरवलं नव्हतं. जानकीला हवं ते सांगितलं तर हा माणूस कायमचा वेडा ठरणार. आणि दुसरं सांगितलं तर तो ते गावभर बोलेल, आणि मग ज्या हातासाठी माणसं खाडी ओलांडून येतात तो हात कुणी अंगाला लावू देणार नाही. दोन्ही दिसत होतं, आणि तरी भीती त्यांची नव्हती. तिला आठवत होती ती करंगळीखालची धावणारी नाडी, आणि ती ऐकत असताना आपल्या आत पसरलेली एक विलक्षण शांतता.

घर लहान, माडांच्या वाडीत, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, खळं. लवू ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढली होती. जानकीनं चटई टाकली आणि चहा करते म्हणून ती आत गेली. सुगंधा बसली.  मग लवूच बोलू लागला, तिच्याकडे न पाहता. त्यानं सांगितलं की त्याला सगळं ऐकू येत होतं. बाळंतिणीचं ओरडणं, तुळसाच्या वहाणा, कौलावर उतरलेला कावळा. डॉक्टर म्हणाले, ह्याची मूत्रपिंडं सुकली, तेही. बोट हलवायचं म्हणून त्यानं जिवाच्या आकांतानं जोर केला आणि ते बोट कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं पडून राहिलं. पण वारा येत होता, आत येत होता, बाहेर जात होता, तेव्हा त्यानं त्या वाऱ्यावर मन ठेवलं. आणि मग वारा पडला. तेव्हा भिऊन जायला नको म्हणून तो मोजू लागला, समुद्राची खोली काढायला शिसं बांधलेला दोर सोडताना तांडेल मोजतो तसा, एक वांव, दोन वांव, दोर हातातून जातोय आणि तळ लागत नाही असा.

"किती वांव झाले तां मी तुमका सांगूचंय नाय," तो म्हणाला. "पयलो तुमी सांगा. स्वप्न आसलां तर तुमका आकडो ठावक आसूचो नाय."

आत जानकी भांडी हलवत होती.  सुगंधा बोलली तेव्हा तोंडून आलं ते धामापूरचं बोलणं, जे तिनं आठ वर्षांत त्या बंदरावर कुणाशी काढलं नव्हतं. "घड्याळाचो काटो चारार होतो. नवार इलो तेवा मी परत दाबलंय. पंचवीस सेकंद."

लवूनं डोळे मिटले. भिंतीला टेकलेलं त्याचं डोकं जरासं मागं गेलं आणि गळ्याची घाटी वर-खाली झाली.

"सव्वीस," तो म्हणाला.

 त्याचा छातीवरचा हात हळूहळू घसरून मांडीवर आला आणि तिथं उताणा पडून राहिला. मग त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "कित्याक?" आवाजात जाब नव्हता. तिनं सांगितलं की माहीत नाही. तो थांबला, तसाच, दुकानाच्या पायरीवर थांबला होता तसा, आणि तिला कळलं की हा माणूस अर्धं उत्तर घेऊन उठणार नाही. तेव्हा जे तिनं नवऱ्याला, आईला, कुणालाही सांगितलं नव्हतं, जे स्वतःशीही कधी पुरं बोलली नव्हती, ते ती बोलू लागली.

ती सोळा वर्षांची असताना तिच्या बापाला अर्धांगवायू झाला. तोंडून शब्द नाही, एक बाजू मेलेली, फक्त डोळे जिवंत. आठ महिने तिनं त्याला चमच्यानं पेज भरवली. बाप वाईट नव्हता, तापट होता. तिच्यावर त्यानं कधी हात उचलला नव्हता. तिला राग नव्हता, हे तिनं दोनदा सांगितलं. एका दुपारी आई तळ्यावर धुणं घेऊन गेली होती. चमचा ओठांजवळ नेला, बापानं तोंड उघडलं, आणि तिनं चमचा तिथंच धरून ठेवला. बाप तोंड उघडून वाट पाहत राहिला. मग त्याचे डोळे चमच्यावरून निघाले आणि तिच्या चेहऱ्यावर आले. ती तशीच बसून होती. पेजेवर साय धरली, ती थंड झाली. अंगणात एक कवडा घुमत होता. मग तिनं चमचा आत घातला, तोंड पुसलं, दुसरा चमचा भरला. बारा दिवसांनी बाप गेला. आलेल्या प्रत्येकानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सगळी म्हणाली, चेडवान बापाशीची सेवा केल्यान," ती म्हणाली. "मगे माका वाटलां, त्येच्या काय ध्यानात इलां नसतलां. डोक्यांच गेल्लां ना त्येचां."

लवूनं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्या नजरेत तिच्यासाठी काहीतरी होतं. ते काय होतं हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

"नाय, बाईनू," तो हळूच म्हणाला. "तुमच्या बापाशीक सगळां कळलां आसतलां."

एवढं बोलून तो चटईवर आडवा झाला. आधी कुशीवर, मग पाठीवर, हात दोन्ही बाजूंना सोडून. आणि एखादं मूल झोपावं तसा, बोलता बोलता, झोपला. तोंड किंचित उघडं पडलं. छाती वर आली, खाली गेली.

जानकी चहा घेऊन उंबऱ्याशी आली आणि तिथंच थबकली. नवरा पाठीवर झोपलेला तिनं चार महिन्यांत पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यांना एकदम धार लागली. कपबशीचा आवाज होऊ न देता ती खाली टेकली आणि कुजबुजत म्हणाली की तुम्ही सांगितलंत ना, काही झालं नव्हतं म्हणून? सुगंधानं कपबशी उचलली. तिनं चहा घेतला. तो फार गोड होता. ऊन खळ्यातून ओसरीच्या पायरीशी आलं, धोंडूनं खाडीवरून हाक दिली. भरती लागायच्या आत निघायला हवं होतं.

"होडी सुटतली," जानकी म्हणाली.

"वायच बसतंय," सुगंधा म्हणाली.

तिची नजर लवूच्या गळ्याच्या खाचेवर होती, जिथं कातडीखाली नाडी उडत होती, संथ, एका तालात, कुणाचीही भीती नसल्यासारखी. जानकीनं तिच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग ती उठली, रिकामी कपबशी बाजूला सारली, आणि का ते तिचं तिलाही कळलं नसावं, पण पदर सावरून ती त्या दोघांच्या मध्ये येऊन बसली.